दलालाचा आकडा आणि आपला हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गोविंदपुरम् येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा, अल्पसा संस्कार करून दिलेला पाठ.)



ज्या गोविंदपुरम् क्षेत्री १६९२ साली बोधेंद्र स्वामींनी समाधी घेतली आणि जेथे २०११ पासून आपल्या विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर उभे आहे, तेथे उभे राहून पैशाअडक्याविषयी बोलण्याचा मला प्रथम संकोच वाटला. मी तसे चिटणीसांना बोलूनही दाखविले. त्यावर ते म्हणाले, "साहित्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, हिशेबावरच बोला." मग मनात विचार आला की, ज्या तुकोबांचे अभंग आपण आज सकाळी येथे म्हटले, त्यांचे घराणेही दुकानदाराचेच होते. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, पण धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असे परंपरा सांगते. म्हणजे विरक्तीच्या त्या परमोच्च क्षणीदेखील आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हा हिशेब त्यांनी चुकू दिला नाही. एवढा आधार मला पुरेसा आहे.

आजचा माझा विषय तसा लहान आहे. चालू असलेले एखादे दुकान किंवा लहानसा धंदा आपण विकत घेऊ लागलो, म्हणजे मध्यस्थ, ज्याला आपण सरळ दलाल म्हणतो, तो एक आकडा सांगतो. तो आकडा येतो कोठून, त्यात काय असते व काय नसते, आणि त्यावर कितपत विसंबावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. आपल्या मंडळातील निम्म्याहून अधिक घरे व्यापारावर चालतात. सांगलीच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याच्या माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतून पोट भरण्यासाठी बाहेर पडलेली आपली माणसे सोने-चांदी गलाईच्या धंद्यात दक्षिणेतल्या गावोगावी जाऊन बसली. आता त्यांतील कित्येकांची मुले गलाईखेरीज इतर धंद्यांकडे वळत आहेत आणि ते धंदे ती बहुधा विकत घेत आहेत. त्यासाठी गावाकडचे रान विकले जाते. रान एकदा गेले की परत येत नाही, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

मी इतिहास हा विषय घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष कराच्या खात्यात आयुष्य काढले. आज मी जे बोलणार आहे ते खात्याच्या वतीने नव्हे. ते एक भाऊ आणि एक बाप या नात्याने बोलणार आहे, आणि त्यातील पहिला धडा माझ्याच चुकीचा आहे.

१९९३ सालची गोष्ट. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, पंधरा वर्षे दुसऱ्याच्या भट्टीवर राबले होते. मूस धरून आणि नत्राम्लाचा धूर खाऊन त्यांनी हातात कसब आणले होते. दागिना हातात घेताच टंच किती निघेल हे ते सांगत, आणि भट्टीतून निघाल्यावर त्यात क्वचितच फरक पडे. तमिळनाडूतीलच एका गावातील गलाईचे दुकान विकाऊ असल्याचे त्यांना एका दलालाने सांगितले. किंमत सव्वादोन लाख. दलालाचे म्हणणे असे की, सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झालेला आहे, आता सोन्याचा व्यवहार मोकळा झाला, हा धंदा दोन वर्षांत दुप्पट होणार. तेव्हा आजची किंमत म्हणजे निम्मीच समजा. दादांनी कागद माझ्याकडे पाठविले. घरात शिकलेला मीच. नोकरीला लागून मला फार वर्षे झालेली नव्हती आणि ज्ञानाचा ताठा मात्र पुष्कळ होता. मी वर्षाची उलाढाल पाहिली, बेरजा तपासल्या, एका ठिकाणी आठ आण्यांची चूक काढली, आणि व्यवहार ठीक आहे असे कळविले. खानापूर तालुक्यातील आमचे चार एकर रान विकले गेले. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

सहा महिन्यांत जुन्या मालकाने पलीकडच्याच गल्लीत नवी भट्टी पेटविली. सराफ आणि कारागीर त्याच्या ओळखीचे होते. ते त्याच्याकडे गेले. दादांकडे राहिली ती भट्टी, तराजू, मुशी आणि नावाची पाटी. या साऱ्याची मोडीची किंमत चाळीस हजारांवर नव्हती. उरलेले पावणेदोन-दोन लाख आम्ही ज्या वस्तूसाठी दिले होते, ती वस्तू विकणाऱ्याने आपल्याबरोबर नेली होती. दीड वर्षाने दादा पुन्हा दुसऱ्याच्या भट्टीवर कामास गेले. त्यांनी मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. वहिनींनीही नाही. त्यामुळे ती सही मला आजवर अधिकच टोचत आलेली आहे.

माझी चूक कोठे झाली? बेरजा मी बरोबरच तपासल्या होत्या. परंतु ज्या गोष्टीची किंमत आम्ही देत होतो, ती गोष्ट कोणाच्या मालकीची आहे, हे मी विचारलेच नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी हा प्रश्न सुचावयास हवा होता. येथून फार दूर नसलेल्या कोल्लिडम नदीच्या काठी, तिरुमळवाडी येथे १६७७ साली शिवछत्रपती आणि व्यंकोजीराजे यांची भेट झाली, तीत वडिलार्जित दौलतीच्या अर्ध्या वाट्याचाच प्रश्न होता. दौलत म्हणजे काय, त्यात वडिलांचे किती, आणि ज्याने ती राखली व वाढविली त्याचे किती, हे ठरविणे रक्ताच्या नात्याच्या दोन माणसांनाही एका बैठकीत जमले नाही. मग परक्या माणसाकडून दुकान घेताना ते आपोआप ठरेल, असे मानणाऱ्या माणसास काय म्हणावे?

इंग्रजी कायद्यात या वस्तूला 'गुडविल' म्हणतात. आपण नावलौकिक म्हणू. १८१० साली लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी तिचा अर्थ थोडक्यात सांगितला होता: जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहतील ही शक्यता, याहून ती अधिक काही नाही. पुढे १९३४ सालच्या एका खटल्यात इंग्रज न्यायमूर्तींनी गिऱ्हाइकांच्या जातीच सांगितल्या. काही गिऱ्हाइके मांजरासारखी असतात. घर बदलले नाही तर धनी बदलला तरी ती तेथेच राहतात. काही कुत्र्यासारखी असतात. धनी जाईल तिकडे ती जातात. काही उंदरासारखी, त्यांना ना घराची ओढ, ना धन्याची. आणि काही सशासारखी. बीळ जवळ आहे म्हणून येतात, इतकेच. (हशा) आपण हसता, पण दुकान घेण्यापूर्वी ही शिरगणती अवश्य करावी. रस्त्यावरच्या चहाच्या दुकानाची गिऱ्हाइके बहुतेक ससे आणि मांजरे असतात. गलाईची, वैद्याची, शिंप्याची गिऱ्हाइके बहुतांशी कुत्र्याच्या जातीची, कारण तेथे विश्वास माणसावर असतो. दलालाच्या आकड्यात मात्र सगळी एकाच भावाने मोजलेली असतात.

आता दलालाविषयी दोन शब्द. तो लबाड असतो असे मी म्हणणार नाही. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची खिलार जनावरांची जत्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तेथे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारा दलाल नसता, तर निम्मे सौदे झालेच नसते. तो दोन अनोळखी माणसांना एकत्र आणतो, तंटा होऊ देत नाही, ही त्याची सेवा आहे आणि तिचे मोल त्याला मिळाले पाहिजे. परंतु त्याचा मोबदला बहुधा विक्रीच्या किमतीवर शेकड्याने असतो आणि सौदा झाला तरच मिळतो. अशा माणसाच्या तोंडचा आकडा मागणीचा असतो; तो पारखून काढलेल्या किमतीचा नसतो. आमचे आबा बैल घ्यावयास गेले म्हणजे मला म्हणत, "बैलाचं दात बघ, दलालाचं तोंड बघू नगंस." बैलाला चार पावले नांगराला जुंपून पाहिल्याखेरीज ते रुमालाखाली हात घालीत नसत.

आपल्याकडे कंपनी कायद्याखाली २०१७ सालच्या नियमांनी नोंदणीकृत मूल्यमापक हा वर्ग निर्माण झाला. परीक्षा, नोंदणी आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्याच्या मागे आहेत. जमीन-इमारती, यंत्रसामग्री आणि रोखे व वित्तीय मत्ता यांसाठी असे मूल्यमापक वेगवेगळे असतात. दलालाच्या अंदाजामागे असे काहीच नसते. अमेरिकेतही दलालाचे मत आणि मूल्यमापकाचा अहवाल या दोन गोष्टी भिन्न मानतात. म्हणून दलालाने छापील कागदावर, तक्ते काढून, आकडा दिला तरी त्याला अहवाल समजू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, म्हणून ती आपण उघडून पाहावयाची असते.

ती कशी उघडावी, हे आता एका उदाहरणाने सांगतो. हेही घरचेच उदाहरण आहे. फक्त समजावयास सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत.

२०१८ साली माझा मुलगा चोवीस वर्षांचा होता. नोकरीत त्याचे मन रमेना. कुंभकोणम येथे कॉफीची पूड करून विकणारे एक जुने दुकान विकाऊ होते. मालक वृद्ध, त्यांची मुले अमेरिकेत. या गावच्या 'डिग्री कॉफी'चे नाव सर्वत्र आहे, ते मी आपणांस सांगण्याची गरज नाही. दलालाने किंमत सांगितली छत्तीस लाख. हिशेब सुटसुटीत होता: मालकाला वर्षाला बारा लाख मिळतात, त्याची तिप्पट.

ही तिप्पट शास्त्रातून आलेली नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. लहान धंद्याला मालकाच्या वर्षाच्या मिळकतीच्या दुप्पट, अडीचपट, तिप्पट असे मोल लावण्याची पद्धत जगभर आहे. त्याचा अर्थ एवढाच की, दिलेले पैसे दोन-तीन वर्षांत अंगावरून उतरावेत, कारण त्यापुढची शाश्वती लहान धंद्यात कोणीच देत नाही. पण कितीने गुणावे यापेक्षा कशाला गुणावे, हा प्रश्न मोठा आहे. म्हणून मी त्या बारा लाखांची फोड मागितली. ती अशी निघाली: वहीतील निव्वळ नफा सहा लाख चाळीस हजार; मालकाची स्कूटर, टेलिफोन इत्यादी घरखर्च साठ हजार; पुतण्याचा पगार एक लाख ऐंशी हजार; कर्जावरील व्याज एक लाख वीस हजार; यंत्रांचा घसारा ऐंशी हजार; आणि 'वहीत न आलेली विक्री' एक लाख वीस हजार. दलालाचे म्हणणे असे की, नफ्याखेरीजच्या या पाचही रकमा नव्या मालकाच्या हातातच राहणार, म्हणून त्या नफ्यात मिळविल्या पाहिजेत.

तत्त्व बरोबर आहे. त्याचे उपयोजन तपासले पाहिजे. घरखर्चाच्या पावत्या होत्या. ती रक्कम मान्य. व्याज जुन्या मालकाच्या कर्जाचे, ते कर्ज तोच फेडणार, तेही मान्य. पुतण्या मात्र बी भाजण्याचे काम करीत होता. तो गेला तर दुसरा माणूस पगार देऊनच ठेवावा लागणार. म्हणून एक लाख ऐंशी हजार वजा. घसारा हा खिशातून जात नाही हे खरे, परंतु भाजण्याचे यंत्र वीस वर्षांचे होते आणि ते बदलावे लागणारच होते. म्हणून ऐंशी हजार वजा. राहिली वहीत न आलेली विक्री. तेथे मी दलालाला नम्रपणे म्हटले की, जे उत्पन्न सरकारला दाखविण्याजोगे नव्हते, ते मला विकण्याजोगे कसे झाले? ते खोटे असेल तर मी पैसे का द्यावेत, आणि खरे असेल तर त्यावरील कराची देणगी मी का स्वीकारावी? एक लाख वीस हजार वजा. बारा लाखांचे आठ लाख वीस हजार झाले.

यानंतर वर्षाचा प्रश्न. हे आकडे २०१५-१६ सालचे होते. का, हे कुंभकोणमच्या माणसाला सांगावयास नको. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी महामहम् होते. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या पर्वणीला लक्षावधी माणसे या गावात लोटतात, आणि त्या महिन्यात कॉफी काय, पाणीसुद्धा विकले जाते. त्याच्या आधीचे महामहम् २००४ साली झाले आणि पुढचे २०२८ साली. बारा वर्षांतून एकदा येणारी विक्री प्रतिवर्षीची म्हणून कशी मोजावी? पुढची दोन वर्षेही सरळ नव्हती. २०१६-१७ मध्ये नोटाबंदी झाली, २०१७-१८ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच पद्धतीने काढलेली त्या दोन वर्षांची मिळकत सहा लाख तीस हजार आणि सहा लाख पन्नास हजार भरली. तिन्ही वर्षांची सरासरी झाली सात लाख. चांगल्या वर्षाने हुरळून जाऊ नये आणि वाईटाने दचकू नये. तीन वर्षे, जमल्यास पाच वर्षे, एका ओळीत मांडावीत.

आता वहीत नसलेले खर्च. दुकानाची जागा देवस्थानाची होती, भाडे महिना चार हजार, कित्येक वर्षांपूर्वी ठरलेले. नव्या भाडेकरूला ते नऊ हजारांच्या खाली मिळणार नव्हते. वर्षाचे साठ हजार वजा. शिवाय मालकांच्या सौभाग्यवती रोज दुपारी पुड्या भरीत आणि उधारीची वही लिहीत. त्यांना पगार नव्हता. घरच्या बाईचे श्रम वहीत दिसत नाहीत, हा आपल्या सर्वच घरांचा इतिहास आहे. त्या कामाला महिना पाच हजार धरले. आणखी साठ हजार वजा. उरले पाच लाख ऐंशी हजार. आणि मालक स्वतः? पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत तेथे उभे असत. माझा मुलगा तेथे उभा राहणार, तर त्याच्या श्रमाचे महिना वीस हजार, म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, हा त्याचा पगार झाला. तो त्याला कोठेही मिळाला असता. तो वजा जाता दुकानाची म्हणून जी कमाई राहिली, ती तीन लाख चाळीस हजार. बारा लाखांचे हे खरे रूप.

आता कर्जाची कसोटी पाहा. आमच्या घरात जमलेले होते बारा लाख. छत्तीस द्यावयाचे तर चोवीस लाख कर्ज. शेकडा अकरा दराने पहिल्या वर्षाचे व्याजच दोन लाख चौसष्ट हजार. तीन लाख चाळीस हजारांतून ते दिल्यावर उरतात शहात्तर हजार. मुद्दल कशातून फेडावयाचे? मुलाच्या पोटातून. कोणताही आकडा ऐकला की प्रथम ही वजाबाकी करावी. ती करावयास पदवी लागत नाही.

दुसऱ्या टोकाने मी तळाची किंमत काढली. उद्या दुकान बंद पडले तर काय मोडून येईल? यंत्रे साडेतीन लाख, माल अडीच लाख, अनामत एक लाख. एकूण सात लाख. उधारीची रक्कम मी धरलीच नाही. तीन महिन्यांच्या आतील उधारी येते, सहा महिन्यांची मागावी लागते, आणि वर्षाच्या वरची उधारी विकत घेणाऱ्याला तुकोबा व्हावे लागते. फक्त जवळ इंद्रायणी नसते. (हशा) म्हणून ती जुन्या मालकाकडेच ठेवावी. दुकानाची खरी कमाई चार वर्षांची धरली तर तेरा लाख साठ हजार होतात. म्हणजे किंमत सात आणि साडेतेरा लाख यांच्या दरम्यान कोठे तरी असावयास हवी.

एवढे करूनही वही खरी कशावरून, ही शंका राहते. तिला उपाय आहे. वहीला वहीबाहेरचे साक्षीदार शोधावेत. कच्चे बी भाजले म्हणजे वजनात शेकडा पंधरा ते वीस घटते. तेव्हा बियांच्या खरेदीच्या पावत्यांवरून पूड किती निघाली असेल ते कळते, आणि चिकोरीच्या खरेदीवरून तीत मिसळण किती हेही कळते. विजेचे देयक यंत्र किती तास फिरले ते सांगते. बँकेचा उतारा आणि कराची विवरणपत्रे मालकाकडूनच मागावीत. मी माझ्या खात्यातील एकही कागद पाहिला नाही, आणि पाहणे गैर झाले असते. शिवाय माझा मुलगा समोरच्या फळांच्या दुकानाशी दोन आठवडे बसून गिऱ्हाइके मोजीत असे. किती आली, कोण मालकाचे नाव घेऊन आली, आणि कोण नुसत्या वासाने आली, हे त्याने टिपून ठेवले. मांजरे अधिक निघाली, ही समाधानाची गोष्ट.

कायद्याच्या तीन गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या आकड्यात कधीच नसतात. एक: धंदा विकत घेतला, तर हस्तांतरापूर्वीच्या थकलेल्या वस्तू व सेवा कराला २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या ८५ व्या कलमाने घेणारा व देणारा दोघेही संयुक्तपणे जबाबदार असतात; तेव्हा थकबाकी तपासावी आणि शंका असेल तेवढी रक्कम हाती ठेवावी. दोन: जागा देवस्थानाची असेल तर करारावर डोळे मिटून विसंबू नये. तमिळनाडूच्या १९५९ च्या धर्मादाय कायद्याच्या ३४ व्या कलमाने पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला आयुक्तांची मंजुरी लागते. जुन्या मालकाचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. तीन, आणि ही आमच्या घराला फार महाग पडलेली गोष्ट: धंदा करण्यास मज्जाव करणारा करार आपल्या कायद्यात सामान्यतः रद्दबातल असतो, परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमात एक अपवाद आहे. नावलौकिक विकणाऱ्याने ठराविक स्थानिक हद्दीत तोच धंदा करू नये, अशी वाजवी अट घालता येते. १९९३ साली हे एक वाक्य मी कागदात घातले असते, तर दादांचे दुकान कदाचित टिकले असते.

आम्ही बारा लाख सांगितले. दलाल रागावला, मालक तर दुखावले गेले, आणि त्याचे मला वाईट वाटले. चाळीस वर्षांच्या श्रमाला कोणी असा भागाकार लावला तर दुःख होणारच. किंमत कमी सांगणे म्हणजे माणसाला कमी लेखणे नव्हे, हे मी त्यांना भेटून सांगितले आणि सगळा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. चार महिने काही झाले नाही. मग तेच आले. साडेतेरा लाखांवर ठरले: दहा लाख रोख, आणि साडेतीन लाख एका वर्षाने, उपाहारगृहे व लग्नकार्याचे आचारी ही मोठी गिऱ्हाइके टिकली तर. तीन महिने ते स्वतः दुकानात बसले, कोणते बी किती भाजावे ते मुलाला शिकविले, आणि एकेका गिऱ्हाइकाशी त्याची ओळख करून दिली. दलालाला त्याची दलाली मिळाली. मुलाने धंदा सुरू केल्याची सूचना मी आचरण नियमांप्रमाणे माझ्या कार्यालयाला दिली. राखून ठेवलेले साडेतीन लाख वर्षअखेरीस दुकानाच्याच कमाईतून, थोडी भर घालून, दिले गेले.

पुढे २०२० साल आले. लग्ने थांबली, उपाहारगृहे बंद झाली. कित्येक महिने विक्री निम्म्यावर होती. त्या दिवसांत मी रात्री जागा राहून एकच वजाबाकी करीत असे: चोवीस लाखांचे कर्ज असते तर? दुकान टिकले, कारण त्याच्या डोक्यावर कर्ज नव्हते. आमच्या हुशारीने ते टिकले असे मी म्हणणार नाही. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण येऊन चौदा कॅरटवरचे दागिने घडविण्यास बंदी झाली, तेव्हा कितीतरी निष्णात कारागीर एका रात्रीत निराधार झाले. त्यांच्या कसबात काहीच उणे नव्हते. पुढे काय येणार हे कोणाच्याच वहीत नसते. म्हणून भविष्याची किंमत आज देऊ नये. भविष्य ज्याने श्रम करून घडवावयाचे, ते त्याचेच राहू द्यावे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी एखाद्या घरी आज असा कागद उशाशी असेल, गावाकडे रानाला गिऱ्हाईकही लागले असेल. त्यांना एवढेच सांगेन की, दलालाचा आकडा अवश्य ऐका, पण तेथून हिशेबाला सुरुवात करा. फोड मागा, वर्षे मोजा, बिनपगारी हात मोजा, गिऱ्हाइकांची जात ओळखा, आणि शेवटी कर्जाची वजाबाकी करा. एखाद्या जाणत्या लेखापालाला चार पैसे द्या. घरात शिकलेला कोणी असेल तर त्याला विचारा, पण केवळ शिकलेला आहे म्हणून त्याचे ऐकू नका. हे मी अनुभवाने सांगतो.

कॉफीच्या दुकानाच्या करारावर साक्षीदार हवा होता. मी दादांना बोलावून घेतले. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचून घेतला, स्थानिक हद्दीची अट आहे ना, म्हणून विचारले, आणि मग सही केली. आता ते दुपारी दुकानात बसतात. भाजलेले बी तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज सांगतात. तराजूशी तो क्वचितच चुकतो.